उणे तेवीस कप

हॉलवर्थसाहेब हौसेच्या भरात नको ते बोलून गेले, तेही चहाची गाडी दारात असताना.

मँचेस्टरच्या त्या छोट्याशा कारखान्यात तीन वर्षं खपून त्यांनी शाळांसाठी एक लहान कॉम्प्युटर आखला होता. इतरांच्या यंत्रांना शंभर-शंभर आज्ञा. यांच्या यंत्राला फक्त सोळा. शाळांतर्फे यंत्र बघायला आलेल्या मिस गारसाइडना ते म्हणाले, "इतकं सोपं आहे, की आमच्या चहावाल्या एडनाबाईसुद्धा चालवतील!"

"सुद्धा?" गाडीमागून एडनाबाईंनी विचारलं.

साहेब कानापर्यंत लाल झाले. मिस गारसाइडना मात्र गंमत वाटली. "मग चालवूनच दाखवा की, बाई."

बाईंनी चष्मा चढवला, माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, आणि पाहुणीचा दुसरा कप संपायच्या आत आज्ञा लिहून यंत्रात भरल्या. चाळीस कप चहा, त्यातले सतरा वाटले, उरले किती? यंत्र खडखडलं आणि कागदावर उमटलं: उणे तेवीस.

"म्हणजे आता लोकांच्या पोटातून काढून आणू का?"

साहेबांना जरा हायसंच वाटलं. "नवख्या माणसाचं होतं असं. आकडे उलटसुलट झाले असतील. सरका, मी दाखवतो." सवयीच्या हातानं त्यांनी चार ओळी खरडल्या. यंत्रानं लगेच तेवीस छापलं. "बघितलंत?"

"बघितलं ना. पण तुम्ही सतरातून चाळीस वजा केलेत."

साहेबांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांनी तीन वर्षं शेजारी बसणाऱ्या बर्नार्डकडे पाहिलं. बर्नार्डनं बुटांकडे पाहिलं.

"वजाबाकी पहिल्यापासून उलटीच आहे, साहेब. आम्हीही उलटंच लिहितो. वाटलं, तुम्हाला तशीच हवीय."

मिस गारसाइडनी वही मिटली. "पुढच्या महिन्यात येते. तोवर दुरुस्त करा. आणि तपासायला या बाईच हव्यात."

पाहुणी गेल्यावर साहेब चहाच्या खोलीत आले आणि दाराशीच अडखळले. एडनाबाई कप विसळत होत्या.

"एडनाबाई, माझं चुकलं. यंत्राचं राहू द्या. मी जे बोललो ना, ते..."

"असू द्या हो." त्यांनी हात पुसले आणि एप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे केला. "पुस्तिकेत सापडलेल्या बाकीच्या नऊ चुका. पाहुण्यांसमोर नको म्हटलं."