ग्रंथागारातील पुलाच्या परीक्षेची हकिकत

श्री. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी या चौघांस प्रथम नमन. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी राजधानीत ग्रंथागार उभे होते, त्याची मोजदाद ऐसी: खांब चोवीस, पायऱ्या एकसष्ट, खिडक्या सत्त्याण्णव, मोठ्या दालनावरून या भिंतीपासून त्या भिंतीस जाणारा पूल एक, लांबी नऊ मीटर, गिलावा शून्य, रंग शून्य. साठ वर्षांपूर्वी काँक्रीट ओतिले ते तैसेच उघडे ठेविले, आणि साच्याच्या लाकडी फळ्यांचे ठसे गाठींसुद्धा भिंतीवर राहिले. तेथे दर आदित्यवारी सुगंधाबाई खरात प्रजेस इमारत दाखवीत. रीत ऐसी की प्रथम सर्वांनी भिंतीस तळहात लावावा, फळीची रेघ बोटांनी ओळखावी आणि मग पुलावर चढावे. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, हे ग्रंथालय आहे की गाड्यांचा तळ?" बाई म्हणाल्या, "काका, आधी हात लावा, मग बोला." काकांनी हात लाविला आणि पुढले आदित्यवारी घरची मंडळी घेऊन आले.

परंतु पुलाच्या पूर्व टोकाशी एक बोट रुंद फट होती. काँक्रीट उन्हाने लांबते, त्यास सरकावयास जागा म्हणोन मूळ कारागिरांनी ती मुद्दाम सोडिली होती. येणारा प्रत्येक जण ती पाही आणि म्हणे, "फुटलं की हो!" बाई ऐकोन ऐकोन कातावल्या, आणि गतसाली राज्यकर्त्यांची स्वारी येणार तेव्हा हणमंत मिस्त्रीकरवी फट सिमेंटाने बुजविली. मिस्त्री म्हणाला, "ताई, ही ठेवलेली दिसते." बाई म्हणाल्या, "असू दे. एकदाचं नीट दिसू दे." मग उन्हाळा आला, पूल लांबला, जागा मिळेना, आणि टोकाची तुळई तडकली.

इमारतखात्याचे मोघेसाहेब आले, तडा मोजिला आणि ग्रंथागाराच्या कारभाऱ्यांच्या भर सभेत बोलिले, "पूल जीर्ण झाला आहे, पाडा. आणि या राखाडी खोक्याच्या फेऱ्याही बंद करा." घणवाले दारात येऊन उभे राहिले. मग सुगंधाबाई उठोन म्हणाल्या, "पूल जीर्ण नाही, साहेब. फट मी बुजवली." साहेब म्हणाले, "तुम्ही? दर रविवारी लोकांना समजावून सांगणाऱ्या?" बाई म्हणाल्या, "हो, मीच. मला काढा. पण आधी पुलाची परीक्षा घ्या."

मग सभेने आज्ञा केली. फट मोकळी करावी. पुलावर वाळूच्या गोण्या चोवीस तास ठेवाव्या. पूल किती वाकतो ते मोजावे. आणि गोण्या उतरविल्यावर पुढील चोवीस तासांत त्या वाकाचे चार वाट्यांपैकी तीन परत वर यावे. न आल्यास घण चालवावे.

मिस्त्रीने छिन्नीने फट मोकळी केली. पुलाखाली मापयंत्र लाविले, आणि खाली कोणी जाऊ नये म्हणोन ते दुर्बिणीतून वाचावयाचे ठरले. गोण्या चढू लागल्या. एकशे चाळिसावी ठेविली आणि पुलात कट् ऐसा आवाज जाहला. "थांबा!" मोघे ओरडले. हमाल जागीच थिजले. साहेबांनी तडा पुनः मोजिला, तो वाढला नव्हता, आणि हळूच म्हणाले, "चालू द्या." एकशे ऐंशी गोण्या पूर्ण जाहल्या. दुसरे दिवशी सकाळी दहास वाक वाचिला: आठ मिलिमीटर. म्हणजे सहा परत यावयास हवे होते.

गोण्या उतरविल्या. तात्काळ साडेचार परतले. दुपारी दोनास पाच. सायंकाळी सहास पाच पूर्णांक तीन. मिस्त्री म्हणाला, "ताई, दमानं येतोय." सकाळी आठास पाच पूर्णांक आठ, आणि घणवाले पुनः दारात आले. दहास साहेबांनी दुर्बिणीस डोळा लाविला, दोनदा वाचिले, आणि मिस्त्रीस तिसऱ्यांदा वाचावयास लाविले.

एवंच वर्तमान लिहिले: भार एकशे ऐंशी गोण्या, वाक आठ मिलिमीटर, चोवीस तासांत परत आला तो सहा पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर.