फळ्यावरचे अपकृत्य

भांडायला आवाज लागत नाही, नेमका शब्द लागतो, असे केशवराव छातीठोकपणे सांगत. दिवाणी कोर्टात जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला शब्दांचा काय तोटा! तोटा होता तो पाण्याचा. शहराच्या कडेच्या सातारा परिसरात इमारती कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या आणि पाऊस मात्र दुसऱ्या वर्षीही रुसला होता. कॉलनीत आठवड्याला एक टँकर, घरटी दोन ड्रम. बस्स!

त्या सकाळी शेजारच्या रामकिसनने टँकरचा पाइप असा काही ओढला, की दगडावर ठेवलेला केशवरावांचा भरलेला ड्रम आडवा झाला. सगळे पाणी गटारात!

"लई घाई हाय काका, मागून बोलू!" म्हणत रामकिसन पळाला.

माफी नाही, भरपाई नाही! केशवराव तडक गेटवरच्या फळ्याकडे गेले. तिथे टँकरच्या पाळ्या लिहिण्याचा मान त्यांचाच होता. वळणदार अक्षरात त्यांनी लिहिले : 'रामकिसन यांचे अपकृत्य. सर्वांनी नोंद घ्यावी.'

"हे काय भलतंच?" त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी विचारले.

"कायद्यातला शब्द आहे. तुला नाही कळायचा."

"मला नाही कळत, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बरा कळेल!"

तासाभराने गेटवर एक जीप थांबली. फुलंब्रीचे साहेबराव मुलाला घेऊन रामकिसनची मुलगी सुरेखा हिला पाहायला आले होते. सकाळची घाई होती ती याचीच! साहेबरावांनी एक पाय खाली ठेवला, फळा वाचला, आणि पाय परत वर घेतला.

"काय केलंय ओ या माणसानं?"

"मला आधीच संशय होता," समोरच्या चतुराबाईंनी तोंडाला पदर लावला. "लई गोड बोलतो!"

मग काय! फळ्यापासून जीपपर्यंत बातमी येईतो रामकिसनने एक बाई पळवली होती आणि मागच्या चाकापाशी पोचेतो तो फरारही झाला होता. इतक्यात तो फरार माणूस खांद्यावर टॉवेल टाकून धावत आला.

"पाव्हणं, आईशप्पथ, म्या काय बी केलं नाय!"

"गाडी वळव," साहेबराव ड्रायव्हरला म्हणाले.

खिडकीत सुरेखा उभी होती. हातात पोह्यांची ताटली, डोळ्यांत पाणी. गेल्या उन्हाळ्यात भानुमतीबाई आजारी पडल्या, तेव्हा हीच पोर रोज डबा घेऊन यायची. जन्मात कधी पळाले नव्हते, ते केशवराव धावत जीपच्या आडवे गेले.

"थांबा! अपकृत्य म्हणजे गुन्हा नव्हे! त्यात पोलीस नाही, तुरुंग नाही! निष्काळजीपणानं दुसऱ्याचं नुकसान केलं, तर ते भरून द्यायचं. दिवाणी बाब!"

"मंग यांनी काय नुकसान केलं?"

"माझा ड्रम सांडला."

"ड्रम?"

"पाण्याचा."

साहेबरावांनी केशवरावांकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "आन् अजून काय काय येतं म्हणे ह्यात?"

कुणी असे विचारले, की केशवरावांची कळी खुलायची. आताही खुलली! "पुष्कळ! शेजाऱ्याच्या भिंतीत पाणी मुरवणं, दुसऱ्याच्या रानात गुरं सोडणं, चारचौघांत एखाद्याची नाहक बदनामी कर..."

सगळी कॉलनी आळीपाळीने फळ्याकडे आणि त्यांच्याकडे पाहत होती.

"अस्सं!" साहेबराव सावकाश खाली उतरले. "मंग काका, हे फळ्यावरचं अपकृत्य कुणाचं?"

इतकी वर्षे कोर्टात काढली, पण अशी उलटतपासणी केशवरावांनी पाहिली नव्हती. त्यांनी धोतराच्या सोग्याने फळा पुसला.

"पुसून भागतंय व्हय?" साहेबराव मिशीत हसले. "भरपाईचं काय?"

"ती निघाली!" मागून भानुमतीबाई म्हणाल्या. "रामकिसन, आमचा उरलेला ड्रम उचला. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी लागेल."

सोयरीक त्याच दिवशी जुळली. दोन-चार दिवसांनी साखरपुडा झाला. रामकिसनने केशवरावांना हाताला धरून पुढे नेले आणि साहेबरावांच्या शेजारी मानाने बसवले.

थोड्या वेळाने साहेबराव आपली खुर्ची हळूहळू पलीकडे सरकवू लागले. टँकर अजून यायचा होता, आणि केशवरावांची अंघोळ भरपाईत गेली होती!