खटक्याचा ताप उतरला

कोणतंही सरकारी यंत्र आपणहून तापत नाही. ते तापल्याचं कुणीतरी वर कळवावं लागतं, आणि तोवर ते नियमाप्रमाणे थंडच असतं. या तत्त्वावर राज्याचा गाडा सुरळीत चालला असताना, नव्वदीच्या मधल्या एका वर्षी कुणा अतिउत्साही माणसाने माण तालुक्यातल्या खडकेवस्तीच्या पाणीयोजनेला 'उष्णता-नियंत्रक स्वयंचलित खटका' बसवायची शिफारस केली. झालं! तिथून सगळा घोळ.

खटका कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यात तयार झाला होता. काडेपेटीएवढी पत्र्याची डबी, मोटारीच्या अंगाला स्क्रूने आवळायची. आत दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी. मोटार प्रमाणाबाहेर तापली की पट्टी वाकते, वीज तुटते, मोटार थांबते आणि जळायची वाचते. (खात्यात वाकणारे पुष्कळ होते, वाकून काम बंद पाडणारा हा पहिलाच.) तो 'प्रतिकूल परिस्थितीत खात्रीने काम करणारा' असावा, अशी खरेदीची अट होती. प्रतिकूल परिस्थिती म्हणजे धूळ, ऊन, ओल आणि हादरे, असा खुलासाही सोबत होता. साहेबांचा फोन यांपैकी कशात धरावा, याबद्दल मात्र मार्गदर्शन नव्हतं.

हा खटका वाट्याला आला कनिष्ठ अभियंता गोपाळकृष्ण यांच्या. माणूस सांगलीचा. बायको पद्मा आणि लहानगी वल्लरी तिकडे, आणि हे इकडे दहिवडीला एका खोलीत स्वतःच्या हातचं करपलेलं पिठलं खात बसलेले. सांगलीला बदली, एवढं एकच मागणं होतं बिचाऱ्यांचं. मोठ्या साहेबांनी शब्दही दिला होता. "उन्हाळाभर योजना एकदाही बंद पडू देऊ नका. मग तुम्ही सांगलीत."

आणि खटका बसवल्यापासून योजना रोज दुपारी बंद पडू लागली.

त्यात खटक्याचा दोष नव्हता. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, मोटार गाळ ओढून ओढून मेटाकुटीला आली होती, आणि तिचं बेअरिंग जात्यासारखं घरघरत होतं. उपाय सरळ होता. मोटार चार दिवस बंद ठेवायची, खोलायची, बेअरिंग बदलायचं, विहिरीतला गाळ काढायचा. पण चार दिवस बंद म्हणजे बंदच की! आणि बंद म्हणजे बदली गेली. तेव्हा गोपाळकृष्णांनी हा उपाय 'तूर्त विचाराधीन' ठेवला. (खात्यात जी गोष्ट करायची नसते, तिचा विचार फार मनापासून करतात.)

अशाच एका दुपारी खटका पडला, मोटार थांबली, आणि रिकामा हंडा कमरेवर घेऊन धोंडुबाई पंपाच्या शेडमध्ये शिरली. मेंढरं राखण्यात उभा जन्म गेलेली म्हातारी. तिला साहेबाचं भय वाटायचं काही कारण नव्हतं.

"आवं सायेब, आज काय झालं ह्याला?"

"मोटार तापली, आजी. तापली की हा खटका पडतो."

धोंडुबाईने डबीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "आगं बया! लेकरू फनफनलंय की. आन तुमी नुसतं बघत उभं ऱ्हायलाय व्हय?"

तिने पदराची चिंधी फाडली, हंड्याच्या तळाशी राहिलेल्या घोटभर पाण्यात भिजवली, आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावी तशी खटक्यावर ठेवली. पट्टी आत थंड झाली, सरळ झाली, वीज जुळली. मोटार घरघरत सुरू झाली.

"उतारला बगा ताप," म्हातारी म्हणाली आणि नळाकडे गेली.

गोपाळकृष्ण शिकलेले होते. ताप मोटारीला आहे आणि ओल्या पट्ट्या खटक्याला चालल्या आहेत, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. पण मोटार चालू होती, आणि चालू मोटारीपुढे शिक्षण फार वेळ टिकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून चिंधीच्या जागी ओलं गोणपाट आलं. मग गावचा गुरव आकाराम म्हणाला, सारखं कोण भिजवत बसणार? उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर तांब्याची गळती टांगतात, बुडाला भोक असलेली, थेंब थेंब पाणी सोडणारी. तशी एक खटक्यावर टांगू. देवळात जादा होती, तीच आणली. चार दिवसांत खटक्याला हळदकुंकू लागलं, आठवड्यात नारळ फुटू लागले, आणि सोमवारी बायका त्याला बेल वाहू लागल्या. अहो, भक्तीचं खातं वेगळं असतं. तिथे तांत्रिक मंजुरी लागत नाही.

त्या महिन्याचा अहवाल पाहण्यासारखा होता. खटका पडण्याचं प्रमाण शून्य. पाणीपुरवठा शंभर टक्के. मोटार तापल्याच्या तक्रारी शून्य. (पंपचालक बिराप्पाची तक्रार तोंडी होती, म्हणून धरली नाही.)

ती तोंडी तक्रार अशी होती: "सायेब, मोटार लय तापलीया. वास सुटलाय. हात लावू देत न्हाई गडी."

"मोटारीला हात लावायचं कारणच काय, बिराप्पा? तपासणी खटक्याची करायची. तो गार आहे ना?"

"त्यो हाय की गारढोण."

"मग झालं तर."

मोठे साहेब पाहणीला आले, तेव्हा त्यांनीही हात लावला तो खटक्यालाच. बर्फासारखा! साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथेच दोन निर्णय घेतले. तालुक्यातल्या सगळ्या पंपांना गळत्या बसवायच्या, आणि गोपाळकृष्णांची बदली मार्गी लावायची.

त्या संध्याकाळी गोपाळकृष्णांनी दहिवडीच्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. वल्लरी म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच येणार?" ते म्हणाले, "खरंच." तसेच ते शेडवर गेले. मोटारीच्या तारांवरच्या करपलेल्या वार्निशचा वास त्यांना दारातच आला. हात वर करून गळती काढायची, बस्स, एवढंच काम होतं. खटका पडला असता, मोटार वाचली असती, गावाचं पाणी वाचलं असतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मग त्यांनी गळतीतलं पाणी कमी झालेलं पाहिलं आणि ती काठोकाठ भरून ठेवली.

बदलीचा हुकूम आला त्याच आठवड्यात मोटार जळाली. काळा धूर, शेडच्या पत्र्याच्या भेगांतून बाहेर. खटका मात्र शेवटपर्यंत शांत होता, आणि त्याच्यावर थेंब पडत होते.

चौकशी झाली. समितीने सगळं प्रत्यक्ष पाहून निष्कर्ष काढले. खटका सुस्थितीत आहे. तो पडलेला नाही. ज्या अर्थी पडलेला नाही, त्या अर्थी मोटार तापली नाही. ज्या अर्थी तापली नाही, त्या अर्थी ती जळणं शक्य नाही. ज्या अर्थी जळालेली नाही, त्या अर्थी योजना चालू आहे. आणि ज्या गावची योजना चालू आहे, त्या गावाला नवी मोटार देता येत नाही, टँकर तर मुळीच देता येत नाही.

गोपाळकृष्ण सामान बांधून एसटीच्या थांब्यावर उभे होते. समोरून धोंडुबाई आली. पलीकडच्या ओढ्यातला झरा उपसून, अर्धा हंडा गढूळ पाणी घेऊन. ती थांबली. तिला राग आलेला नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"सायेब, ताप तर उतारला हुता की वो. मग मेलं कशानं?"

गोपाळकृष्णांनी वाकून सामान उचललं. तेवढ्यात एसटी आली, आणि महामंडळाच्या इतिहासात वेळेवर आलेल्या गाड्यांत तिची गणना व्हायला हरकत नाही.

सांगलीत पद्माने ओवाळलं, वल्लरी गळ्यात पडली. शहराच्या पाणीपुरवठ्याचं मोठं पंपघर त्यांच्याकडे आलं. तिथल्या मोटारी जुन्या होत्या, खटके दुपारी पडत होते. पण म्हातारीचा तो प्रश्न काही त्यांच्या डोक्यातून जाईना. तेव्हा नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी धाडस केलं. नागरिकांची सभा बोलावली आणि हात जोडून खरं ते सांगितलं: मोटारी तापताहेत, चार दिवस पाणी बंद ठेवू द्या, दुरुस्त करून देतो.

त्या सभेत तुम्ही होतात. (तुम्ही सांगलीचे नसाल, तर इथे आपल्या गावाचं नाव घालून वाचा, सभा तिथेही झाली आहे.) काय तो गदारोळ! "लग्नसराई आहे, साहेब!" "घरी पाहुणे आहेत!" "आधीचे साहेब कधी असं बोलले नाहीत!" मागच्या रांगेतून "बदली करा याची!" असंही आलं, आणि त्याला टाळ्या पडल्या. गोपाळकृष्णांनी पहिल्या रांगेत बसलेल्या वल्लरीकडे पाहिलं. ती आईच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवत होती. मग ते खाली मान घालून म्हणाले, "पाणी बंद न ठेवता एक उपाय आहे. पण त्याला तांब्याची भांडी लागतील."

वर्गणी तिथल्या तिथे जमली. सहाच्या सहा खटक्यांवर गळत्या टांगल्या गेल्या, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे देणगीदारांची नावं भांड्यांवर कोरली आहेत. कधी वेळ काढून जाऊन या. आपलं नाव बरोबर लिहिलं आहे ना, एवढं तपासा. मोटारीला मात्र हात लावू नका, भाजेल.