गाडीला छान म्हणायचं नाही

स्वतःची गाडी घ्यायचीच, असं लूपेने ठरवलं तेव्हा ती सोसेफिना आत्यांच्या व्हॅनमध्ये बसली होती आणि तिच्या मांडीवर दुसऱ्याच कुणाचा तरी केक होता. केकवर गुलाबी क्रीमने आशीर्वादाचं एक लांबलचक वाक्य लिहिलेलं होतं. आत्यांनी ब्रेक दाबला आणि ते वाक्य केकवरून निघून लूपेच्या ब्लाउजवर आलं.

खरं तर ती निघाली होती तान्ह्या लेकीला, मासिनाला, लस टोचून आणायला. पण सोसेफिना आत्या म्हणजे नवऱ्याच्या सख्ख्या आत्या, आणि ऑस्ट्रेलियातल्या अख्ख्या लोगन शहरातल्या सामोअन मंडळींच्या दळणवळण मंत्री. त्यांची व्हॅन सरळ कुठेच जात नसे. दवाखान्याच्या वाटेवर चर्चच्या गायकमंडळाची तालीम लागली, एक सतरंज्यांचा सेल लागला आणि एक अंत्यविधी लागला. मासिना त्या अंत्यविधीत दोनदा खळखळून हसली. मयत कोणाची होती हे लूपेला आजतागायत कळलेलं नाही. दवाखाना तेवढा बंद झाला.

“पुरे!” लूपे ठणकावून म्हणाली. (मनात. मोठ्याने म्हणायला तिला आणखी वर्षभर सराव लागला असता.)

आत्यांवरचा राग हे एकच कारण असतं तर लूपेने तो नेहमीप्रमाणे गिळला असता. पण तिला नोकरी लागली होती. सामोआत ती शाळेत भूगोल शिकवायची. ऑस्ट्रेलियात आल्यापासून मात्र तिने अर्ज लिहिण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आता कुठे एका बालवाडीत मदतनिसाची जागा मिळाली होती, आणि तिथे मासिनालाही सोबत नेता येणार होतं. बालवाडीच्या बाईंनी शेवटी फक्त विचारलं, “आमच्याकडे बस येत नाही. गाडी आहे ना?”

लूपे म्हणाली, “हो.”

आता त्या ‘हो’ला चार चाकं लावायची होती, तीही सोमवारच्या आत.

तिचा नवरा एटुआले शीतगृहात रात्रपाळी करायचा आणि दिवसा उशीखाली डोकं घालून झोपायचा. लूपेने उशी उचलली.

“मी गाडी घेतेय.”

“आत्यांना विचार.”

“आत्यांना विचारलं तर आत्या येतील.”

“मग?”

“आत्या आल्या की त्यांचे भाऊ येतील. भाऊ आले की पाद्रीबाबा येतील. प्रार्थना होईल, भाषणं होतील, चाळीस माणसांचा स्वयंपाक मी करीन, आणि गाडी चर्चच्या नावावर होईल.”

एटुआलेने डोळे मिटूनच विचार केला. “होईल खरी,” तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

लूपेने याला परवानगी मानलं.

गाडी तिने हेरूनच ठेवली होती. दोन गल्ल्या सोडून एका घरासमोरच्या हिरवळीवर एक छोटी निळी गाडी उभी होती, काचेवर ‘विकणे आहे’ असा कागद. शनिवारी सकाळी बाबागाडी ढकलत लूपे तिथे पोचली. तयारी कडेकोट होती. जुनी गाडी कशी पारखावी यावरचे इतके व्हिडिओ तिने पाहिले होते की तिला स्वतःच्या गुडघ्यातूनही इंजिनाचे आवाज येऊ लागले होते. खिशात फ्रिजवरचं कासवाच्या आकाराचं लोहचुंबक होतं. ठोकर खाल्लेल्या जागी पुट्टी भरून रंग दिला असेल तर चुंबक चिकटत नाही, असं कुठल्याशा व्हिडिओतल्या दाढीवाल्याने सांगितलं होतं. चुंबकामुळे खरवडलं जाऊ नये म्हणून तिने त्याला मासिनाचा मोजा घातला होता.

घरातून हाफ पँट आणि रबरी चपला घातलेले एक आजोबा आले. नाव मर्व्ह, निवृत्त प्लंबर.

“ये ये पोरी!” त्यांनी टपावर थाप मारली. “बघ काय देखणी आहे! माझ्या ग्लेनिसची गाडी. बाजारहाट सोडून कुठे गेलीच नाही. आवडली ना?”

गाडी लूपेला फारच आवडली होती. पण तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

सामोआत दुसऱ्याच्या वस्तूला तोंडभरून ‘छान’ म्हणायची सोय नाही. म्हटलं की मालक ती वस्तू उचलून तुमच्या हातात ठेवतो. न ठेवली तर त्याच्या सात पिढ्यांची अब्रू जाते. लूपेच्या आईने एकदा शेजारणीच्या चटईला ‘सुरेख’ म्हटलं. संध्याकाळी चटई दारात हजर! मग परतफेड म्हणून आईला एक चांगलं पोसलेलं डुक्कर द्यावं लागलं. वडील पुढे कित्येक वर्षं त्या चटईवर बसताना “डुकरावर बसतो जरा” म्हणायचे. तेव्हापासून घरात शिकवण एकच: दुसऱ्याच्या दारात जीभ आवरायची, डोळेही आवरायचे.

म्हाताऱ्याला गाडी फुकट द्यायला लावण्याचं पाप कोण घेणार?

“बरी आहे,” लूपे म्हणाली.

“बरी?” मर्व्हचा चेहरा उतरला. “अगं, टायर नवे आहेत!”

“गोल आहेत,” लूपेने शक्य तितक्या थंडपणे कबूल केलं. मोज्यातलं कासव तिने दारावरून फिरवलं. ते घट्ट चिकटलं. तिला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या; तिने नाक मुरडलं.

मर्व्हनी आधी मोज्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “बरं, दोनशे डॉलर कमी दे.”

लूपेने मोजा घाईने खिशात कोंबला. म्हणजे आपली आवड चेहऱ्यावर दिसली तर! म्हातारा देण्याच्या वाटेला लागला. आता त्याला आवरायचं कसं? तिने घाईघाईने गाडीत खोड्या काढायला घेतल्या. आरसा लहान आहे. सीटचा रंग उदास आहे. हॉर्न फारच नम्र आहे. प्रत्येक खोडीसरशी मर्व्ह खाली उतरू लागले. आधी किंमत कमी झाली, मग नवी बॅटरी आली, मग पायपुसणी, मग उन्हाचे पडदे.

“नको हो!” लूपे शेवटी काकुळतीला आली. “हात जोडते, किंमत आणखी कमी करू नका!”

मर्व्ह कमरेवर हात ठेवून बघतच राहिले. मग घराकडे वळून ओरडले, “ग्लेनिस! अगं बाहेर ये! ही पोरगी म्हणते किंमत कमी करू नका! जन्मात असा डाव बघितला नाही मी!”

“मग दे ना तिला टाकी भरून!” आतून आवाज आला. “तुला नाही झेपायची ती!”

ग्लेनिस आजी चहा घेऊन आल्या. मासिनाच्या हातात त्यांनी बिस्किट दिलं. (त्यात कठीण तुकडा आहे का, ते घशात अडकेल का, अडकलं तर पाठीवर कुठे थोपटायचं, हे सगळं लूपेने दोन सेकंदांत मनातल्या मनात करून घेतलं.) एकीकडे बिस्किट, एकीकडे घसरती किंमत, या गडबडीत तिचा जिभेवरचा पहारा सुटला.

“तुमची कानातली किती सुंदर आहेत!”

म्हटलं आणि तिला घाम फुटला. ग्लेनिस आजींचा हात कानाकडे गेला. झालं! आता त्या फिरकी काढणार, कानातली आपल्या तळहातावर ठेवणार. परतफेडीला आपल्याकडे काय आहे? ना चटई ना डुक्कर. मोज्यातलं कासव आहे फक्त.

“थँक यू, बाळा!” आजींनी कानातली जरा कुरवाळली आणि हात खाली घेतला.

लूपे वाट पाहत राहिली.

“मग?” तिने विचारलं.

“मग काय?”

“म्हणजे… आणखी काही नाही?”

“आणखी आहेत की! हिरवी एक जोडी आहे,” आजी म्हणाल्या, आणि चहा प्यायल्या.

लूपेला भूगोल शिकवत असताना पृथ्वी गोल असल्याचं कधी आश्चर्य वाटलं नव्हतं. आज मात्र पायाखाली काहीतरी फिरलं. स्तुती करायची, ऐकणाऱ्याने ‘थँक यू’ म्हणायचं आणि वस्तू जिथल्या तिथे! न कुणाचं डुक्कर जातं, न कुणाची अब्रू!

तिने गाडीकडे वळून पाहिलं. “गाडी… फार छान आहे हो,” ती जन्मभराचं साठलेलं एका दमात म्हणाली. “इतकी छान गाडी मी पाहिलीच नाही!”

“आता कशी बोललीस!” मर्व्हनी तिचा हात हातात घेऊन हलवला. “सौदा पक्का!”

(किंमत घसरायची तिथेच थांबली. आणखी थोडा वेळ गप्प राहिली असती तर गाडीसोबत कानातलीही मिळाली असती. पण असल्या गोष्टी लूपेला नेहमी घरी पोचल्यावर सुचतात.)

परतताना तिने काच खाली केली. वाटेतल्या चौकातल्या वाहतूकबेटाला तिने तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या दोन बाहेर पडायला जमलं नाही म्हणून. तिसरी तिने हौसेने मारली. “तुझी आई चालवतेय!” ती आरशात बघून मासिनाला म्हणाली. मासिनाने बिस्किट थुंकलं.

घराशी एटुआले कमरेला लावालावा, म्हणजे सामोअन लुंगी, गुंडाळून उभा होता. चेहऱ्यावर अपराधी भाव.

“तू आत्यांना फोन केलास!”

“मी नाही केला. त्यांचा आला. त्यांनी विचारलं, काय चाललंय? मी काय खोटं बोलू?”

तेवढ्यात व्हॅन आलीच. ती नेहमीप्रमाणे कचऱ्याच्या डब्याला नमस्कार करून थांबली. आत्या उतरल्या. सहा फूट उंची, फुलाफुलांचा पायघोळ झगा, आणि हातातला पंखा राजदंडासारखा. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर हात फिरवला आणि प्रसन्न आवाजात म्हणाल्या,

“किती सुंदर गाडी आहे गं, लूपे!”

घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईने गाडीला सुंदर म्हटलं होतं. आता पुढचं वाक्य कोणतं, ते एटुआलेला झोपेतही पाठ होतं.

“आत्या, मग तुम्हीच—” त्याने सुरुवात केली.

लूपेने त्याच्या पायावर पाय ठेवला आणि सगळं वजन त्यावर टाकलं.

“थँक यू, आत्या,” ती म्हणाली.

पंखा थांबला.

“काय म्हणालीस?”

“थँक यू म्हणाले.”

“आणि?”

“आणि काही नाही.” लूपेची जीभ सुटली ती सुटली. “गाडी माझी आहे, आत्या. सोमवारी मला कामावर जायचंय. तुम्ही म्हणाल तर अंगावरचा झगा काढून देते, महिनाभर जेवू घालते, डुक्कर म्हणाल तर इथल्या इथे खड्डा खणून भाजते. गाडी मिळणार नाही.”

आत्यांनी पंखा मिटला, त्या व्हॅनमध्ये बसल्या आणि निघून गेल्या.

“मेलो आपण,” एटुआले पाय चोळत म्हणाला.

“मरू. पण आपल्या गाडीतून जाऊ.”

रविवारी चर्चमध्ये आत्या गप्पच होत्या. गायकमंडळात त्यांचा आवाज नव्हता, जेवणात त्यांची टीका नव्हती. लूपेने ताट बाजूला सारलं. मासिनाला मोठेपणी कुणी विचारलं, ‘तुझे नातेवाईक कुठे गेले?’ तर पोर काय सांगणार? आईने गाडी घेतली म्हणून गेले? दोनदा ती किल्ली घेऊन आत्यांकडे जायला उठली, आणि दोनदा बाकावर परत बसली. तिसऱ्यांदा तिने किल्लीच मासिनाच्या लंगोटाच्या पिशवीत तळाशी टाकली. नाही म्हणजे नाही.

सोमवारी सकाळी ती मासिनाला कडेवर घेऊन बाहेर आली, तर गाडीच्या दाराला टेकून सोसेफिना आत्या उभ्या! मांडवात बसायला आल्यासारख्या नटलेल्या, काखेत पर्स.

“आत्या, मी शनिवारी सांगितलं ना—”

“घसा नको ताणूस. दार उघड आणि मला बसू दे.” आत्या पुढच्या सीटवर स्थानापन्न झाल्या. “डॉक्टरने माझं गाडी चालवणं बंद केलंय. मोतीबिंदू. आता महिना होईल.”

“महिना? पण तुम्ही तर रोज—” लूपेने मासिनाला घट्ट धरलं. “माझी मासिना तुमच्या व्हॅनमध्ये होती!”

“म्हणून तर सावकाश चालवत होते. शिवाय रस्ते काय नवे आहेत? आता तू चालवायचं.”

“मग दोन दिवस माझ्याशी बोलत का नव्हता?”

“तुझ्यासारख्या पोरीपुढे ‘मला जरा सोडतेस का’ म्हणायचं कसं, याचा विचार करत होते. सवय नाही ना मला.”

लूपेने मासिनाचे पट्टे दोनदा ओढून पाहिले, मग स्टिअरिंगवर हात ठेवले. “आधी माझी बालवाडी. तुमची कामं दुपारी.”

“बरं.”

“चर्च फक्त रविवारी.”

“बरं.”

“आणि अंत्यविधी फक्त ओळखीच्या माणसांचे.”

“हे कठीण आहे,” आत्या म्हणाल्या. “पण बघू.”

लूपे जिंकली होती! ताठ मानेने तिने गाडी सुरू केली. तरी मनातली एक बोच जाईना. “आत्या, शनिवारी मी गाडी द्यायला नाही म्हटलं… तुम्हाला फार लागलं का हो?”

“कशाचं?”

“तुम्ही सुंदर म्हणालात, आणि मी…”

“अगं, मला ती दिसली कुठे? पुढ्यात काहीतरी चकाकत होतं, हाताला गरम लागलं. नव्या वस्तूला माणूस दोन शब्द बोलतो.” आत्यांनी बेल्ट लावला आणि डोळे बारीक करून बॉनेटकडे पाहिलं. “रंग कुठला गं हिचा?”

“निळा.”

“अरेरे,” आत्या म्हणाल्या. “पाया पडली असतीस तरी घेतली नसती.”