डोळ्याचंच आहे सगळं

चांगला फोटो काढायला महागडा कॅमेरा लागतो असं जे म्हणतात, त्यांना मी एकदा मोताळ्याला बोलावणार आहे. माझा कॅमेरा बघा म्हणावं! एका बंद पडलेल्या स्टुडिओतून भंगारात जाता जाता मी तो उचलला. पेन्सिल सेलवर चालतो. फ्लॅश मेलाय. मागचा स्क्रीनही गेल्यामुळे वरच्या चिमुकल्या भोकाला एक डोळा लावायचा, दुसरा मिटायचा आणि बटण दाबायचं. पण कला काय कॅमेऱ्यात असते? कला डोळ्यात असते! गावचं वाचनालय मी सांभाळतो, त्यामुळे पुस्तक बदलून मिळेपर्यंत प्रत्येकाला हे वाक्य ऐकावंच लागतं.

याच कॅमेऱ्याने मी बाजारातला वांग्यांचा ढीग टिपलाय, माठावरचा ओला हात टिपलाय, भिंतीवर पडलेली शेळीची सावली टिपलीय. शेळी कुठे आहे, असं लोक विचारतात. मी नुसता हसतो. सगळंच दाखवलं तर बघणाऱ्याने काय करायचं?

तर माझी थोरली बहीण गीताताई आमच्याच गल्लीत राहते. तिची काजल मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. पोरगी गुणाची, पण स्थळांच्या बाबतीत महाखट. कुणाची मिशी आवडली नाही, कुणाचं बोलणं आवडलं नाही. शेवटी मलकापूरचं एक स्थळ आलं. मुलगा जीवन, कापसाच्या जिनिंग कारखान्यात सुपरवायझर. त्याचा फोटो बघून काजल म्हणाली, "पाहू." आता काजलचं 'पाहू' म्हणजे इतरांचा साखरपुडा! ताईने ताबडतोब देवापुढे साखर ठेवली. आता आपल्याकडून फोटो जायला हवा होता.

स्टुडिओवाला मागे बर्फाचे डोंगर लावणार हे मला माहीत होतं. मामा जिवंत असताना भाचीच्या मागे बर्फ? मी काजलला कापसाच्या खोलीत खिडकीजवळ बसवलं. उजव्या गालावर कोवळं ऊन, कानात झुमका चमकतोय आणि डावी बाजू अंधारात विरघळून गेलेली. फोटो बघून माझाच ऊर भरून आला. कलाकार करतात तसं कोपऱ्यात माझं नाव आणि फोन नंबरही टाकला.

ताईने फोटो हातात धरून उलटसुलट केला. "अर्धी पोट्टी कुठी गेली रे?" तिने विचारलं. भगवानराव, म्हणजे माझे मेहुणे, एवढंच म्हणाले की लाइट गेली असेल तर थांबायचं होतं. काजलला मात्र फोटो फार आवडला, म्हणून तोच मलकापूरला गेला. मलकापुरातच हौशी छायाचित्रकारांचं एक प्रदर्शन भरणार होतं. तोच फोटो मी तिकडेही पाठवून दिला आणि फोन उशाशी घेऊन बसलो.

दोन दिवसांनी फोन आला.

"मलकापूरहून जानराव बोलून राह्यलो. तुमचा फोटो पाह्यला आमी. लय चांगला आहे. पण एक विचारू का? राग नका मानू. डोळ्याचं काही आहे का?"

माझं मन भरून आलं. प्रदर्शनवाल्यांनी एका झटक्यात मुळावर बोट ठेवलं होतं!

"डोळ्याचंच आहे सगळं!" मी म्हणालो.

"जन्मापासून?"

"जन्मापासूनच. मागून येत नाही ते."

"पैसा लावला तं काही होत नाही का?"

"लाख रुपये लावा ना, काडीचा फरक पडत नाही!"

"घरात अजून कोणाले?"

"आमच्या आजोबांना होतं. मग मला. आता भाचीतही उतरायला लागलंय."

"म्हंजे एकाच डोळ्यानं..."

"एकाच. दुसरा मिटलेलाच बरा. सवय झाली की काही वाटत नाही."

"मोकळेपणानं सांगतलं, हे बरं केलं भाऊ," असं अगदी हळू आवाजात म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी त्या दिवशी वाचनालयात पेढे वाटले.

त्यानंतर मुलाकडून चकार शब्द नाही. देवापुढच्या साखरेला मुंग्या लागल्या तरी ताईने ती उचलली नाही. आणि जन्मात कुणाची वाट न पाहिलेली काजल मला विचारायला आली की मलकापूरला रेंजचा काही प्रॉब्लेम आहे का. तेव्हा मात्र मला कळलं. पोरीचं मन बसलं होतं.

आणि अचानक निरोप आला की रविवारी बघायला येतो, पण मुलीला अंगणात उन्हात बसवा. मी ताईला म्हणालो, बघ, उजेडाची जाण असलेली माणसं आहेत!

रविवारी जीवन, त्याची आई आणि काका असे तिघं आले. काकांनी खुर्ची उचलून काजलच्या डाव्या हाताला नेऊन ठेवली आणि तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बसले. जीवनच्या आईने सुई-दोरा काढून, ब्लाऊजची गुंडी तुटली म्हणून काजलकडून ओवून घेतला. तेवढ्यात असा उजेड पुन्हा मिळणार नाही म्हणून मी कॅमेरा लावला आणि एक डोळा मिटला. काकांनी आपल्या वहिनींना कोपराने ढोसलं. "हे पाहा, मामालेही आहे," ते कुजबुजले.

मग त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून काजलपुढे धरलं. यावरचं बारीक वाचून दाखव म्हणाले.

काजलने पाकीट डोळ्यांपासून दूर धरून वाचलं. "काका, ह्या गोळ्यायची मुदत मार्चमध्येच संपली. तुमी खाऊन तं नाही राह्यले नं?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवून पाकीट परत घेतलं आणि तारीख पाहिली. ते खाऊन राह्यले होते.

भगवानरावांचा संयम सुटला. त्यांनी विचारलं, पोरगी बघायला आलात की डोळे तपासायला?

"आता तुमच्याच मामानं फोनवर सांगतलं," काका म्हणाले, "का जन्मापासून आहे, आजोबाले होतं, इलाज नाही. मी जानराव!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी कॅमेरा दाखवला, प्रदर्शन सांगितलं, कला डोळ्यात असते हेही सांगितलं. कधी नव्हे ते हे वाक्य माझ्या तोंडून अगदी बारीक आवाजात निघालं. ताईने पदर तोंडाला लावला. ती रडतेय की काय म्हणून मी घाबरलो, पण ती हसत होती. जानराव तर खुर्चीवरून पडायचे राहिले. हसता हसता ते म्हणाले, मी तर नकारच कळवणार होतो, पण हा पोरगा ऐकेना.

काजल हसत नव्हती. तिने सरळ जीवनकडे पाहिलं.

"तुमालेही तसंच वाटत होतं? मंग काऊन आले?"

जीवनचे कान लाल झाले. "फोटोत जेवढं दिसलं तेवढं आवडलं," तो म्हणाला. "बाकीचं पाहू म्हटलं."

काजलने पहिल्यांदा मान खाली घातली आणि चहा गरम करते म्हणून आत गेली. चहा गरमच होता. ताई लगबगीने देवघरात साखर बदलायला गेली.

प्रदर्शनवाल्यांचाही निरोप आला. आपला फोटो अर्धाच पोहोचला आहे, कृपया पूर्ण पाठवावा!

साखरपुड्यात ताईने मला एकच फोटो काढायची परवानगी दिली: भर दुपारी, भर उन्हात, दोघांचे दोन्ही गाल दिसले पाहिजेत. तसाच काढला. काजल सुरेख आली. जीवनचे मात्र दोन्ही डोळे मिटलेले. फोटो काजलच्या सुलतानपूरच्या आत्याकडे पोहोचला आणि लगेच मला फोन आला.

"काहो, पोराच्या डोळ्याचं काही आहे का?"

मी उत्साहाने तोंड उघडलं. काजलने माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला.