गळाला लागलेला स्वेटर

"तुम्ही फक्त बसायचंय," पोस्टमनची बायको पहाटेपासून बजावत होती. "मासा नाही मिळाला तरी चालेल. पण बसायचं."

पोस्टमनला नेमकं तेच जमत नव्हतं. उभा जन्म पायी पत्रं वाटण्यात गेला. पायाला भिंगरीच लागलेली. जेवतानाही त्याचा एक गुडघा शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत असे. आणि आज त्याच्या मुलीचं लग्न त्या गुडघ्यावर येऊन ठेपलं होतं.

मुलाचे वडील घड्याळजी होते. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर गळ टाकून बसायचे. माणूस कळायचा असेल तर त्याच्याबरोबर नावेत गप्प बसून पाहावं, हे त्यांचं ठाम मत. मोठ्या जावयाची पारख त्यांनी अशीच केली होती. त्याच्याआधी आलेलं एक चांगलं शिकलेलं स्थळ नावेत शीळ घातली म्हणून परत गेलं होतं. आपल्या मुलीने हे सगळं नीट समजावून सांगितलं, तेव्हापासून पोस्टमनचा जीव टांगणीला लागला होता.

थंडी नुकतीच पडू लागली होती. तळ्यावर धुकं पसरलं होतं. घड्याळजी नावेच्या पुढच्या टोकाला बसले, पोस्टमन मागच्या. त्याच्यासमोर घड्याळजींची पाठ होती आणि पाठीवर मरून रंगाचा, जाडजूड, हाताने विणलेला स्वेटर. घड्याळजींनी सुरुवातीलाच हलक्या आवाजात सांगून ठेवलं, की थंडीत मासा तळाशी जाऊन सुस्त पडतो. त्याला भूक कमी. आमिष तोंडाशी बराच वेळ राहिलं तरच तो मनावर घेतो. म्हणून बोलायचं नाही, नाव हलवायची नाही आणि सारखा गळ वर काढून बघायचा नाही.

पोस्टमनने थोडा वेळ सगळं पाळलं. मग त्याला वाटलं, गांडूळ आहे ना गळाला? काढून पाहिलं. होतं. पुन्हा सोडलं. मग वाटलं, ते जिवंत आहे ना? पुन्हा काढलं. तेवढ्यात पायाला मुंग्या आल्या म्हणून त्याने पाय झटकला, नाव डुलली आणि गळ झोका घेत कुठेतरी गेला. चष्म्यावर धुकं साचलेलं. दोरी अडकल्यासारखी वाटली, म्हणून त्याने रीळ फिरवलं. जरा ताण बसला, मग दोरी मऊसूतपणे येऊ लागली. शेवाळ असावं, असं समजून त्याने चष्मा पुसला.

शेवाळ मरून रंगाचं होतं.

गळ स्वेटरच्या काठाच्या सुटलेल्या टोकात अडकला होता. एक ओळ उसवून झाली होती आणि दुसरी निघाली होती. सांगावं तर बोलायची बंदी, आणि सांगणार तरी काय? सुरी घड्याळजींच्या पिशवीत, म्हणजे नावेच्या पार पुढच्या टोकाला. त्याने लोकर दातांनी तोडून पाहिली. दात हलला, लोकर नाही. बोटं गारठल्यामुळे गळात गुंतलेला गुंता सुटेना. तो पुढे वाकला तशी नाव कलली.

"काही हवंय?" घड्याळजींनी मागे न पाहता विचारलं.

"नाही नाही. मजेत आहे."

मग घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं. पुरावा लपवला. गळ, गांडूळ आणि लोकरीचा गुंता, सगळं हळूच पाण्यात सोडून दिलं आणि हात मांडीवर ठेवून तो साळसूदासारखा बसला. आज पहिल्यांदाच आमिष जागेवर स्थिर राहिलं. आणि मासा लागला.

गळाची काठी वाकली. रीळ करकरू लागलं.

"ओढू नका," घड्याळजी समोर बघतच म्हणाले. "पळू द्या त्याला. दोरी सोडा."

पोस्टमनने दोरी सोडली. एका बाजूने रिळावरची दोरी पळाली, दुसऱ्या बाजूने घड्याळजींच्या पाठीवरची लोकर. स्वेटर कमरेवरून वर सरकला, पाठीच्या मध्यावर आला. मासा डावीकडे गेला की ओळ डावीकडे उसवायची, उजवीकडे गेला की उजवीकडे.

"अजून सोडा," घड्याळजी म्हणाले. "घाई नको."

मासा दमून नावेत आला, तेव्हा स्वेटरच्या दोन बाह्या, कॉलर आणि छातीवरचा भाग एवढंच शिल्लक होतं. पाठीला नुसता सदरा. पोस्टमनने झटकन आपला कोट काढून घड्याळजींच्या खांद्यांवर घातला. गारठा वाढलाय, मला उकडतंय, असं काहीतरी तो पुटपुटला आणि कुडकुडत वल्ही मारू लागला.

काठावर उतरल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. त्याने ओल्या लोकरीचा गोळा पुढे केला.

"चूक माझी आहे. मी बसू शकत नाही एका जागी. पण पोरगी माझ्यासारखी नाही हो. तिला नका नाही म्हणू."

घड्याळजींनी गोळा हातात घेऊन पिळला.

"पहिली ओळ उसवली तेव्हाच कळलं होतं मला. पाठीला गार लागतं की."

"मग वळला का नाहीत?"

"वळलो असतो तर तुम्ही थांबला असता." घड्याळजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत विणलाय हिने. टोचतो हो. बसमध्ये विसरून आलो, कंडक्टर घरी आणून देऊन गेला. शेजाऱ्याला दिला, त्याने धुऊन परत केला. बायकोशी खोटं बोलत नाही मी. आज प्रथमच खरं सांगता येईल, माशाने नेला म्हणून. तारीख काढू आपण. असा व्याही मिळायला भाग्य लागतं."

पोस्टमन जवळजवळ उड्या मारतच त्यांच्या घरी पोचला. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याच्या अंगावरचा कोट पाहिला, पोस्टमनचे निळे पडलेले ओठ पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"स्वतः थंडीत राहिलात आणि ह्यांना कोट दिलात," त्या म्हणाल्या. "वाईट नका वाटून घेऊ. लोकर काही मासा खाऊन गेला नाही. ह्यांचा पुन्हा विणते. आणि माझ्याकडे याच लोकरीच्या लडी अजून पेटीभर आहेत. लग्नाआधी तुमचाही होईल."

त्या टेप घेऊन आल्या. पोस्टमन हात पसरून खांबासारखा उभा राहिला. त्याचा गुडघासुद्धा हलला नाही. घड्याळजी जमिनीकडे बघत होते.

"सुरुवातीला टोचतो," ते म्हणाले. "नंतरही टोचतो."