फोबोस, देलिया आणि शमुवेल आप्पा

शमुवेल आप्पांना ग्रीक भाषेतले दोनच शब्द येतात आणि दोन्ही भीतीचे आहेत. फोबोस आणि देलिया. जुन्या मिशन कंपाउंडातले हे आमचे शेजारी तरुणपणी बायबल शाळेत जाऊन आले, त्यातली एवढीच कमाई शिल्लक आहे. पण तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खं शिरूर हैराण केलं आहे.

दाढ काढायला निघालेल्या माणसाला ते फाटकातच अडवतात. "भ्याव वाटतंय? वाटू द्या. फोबोस हाय त्यो. देवापुढं उभं राहिलं तरी वाटतो. पर दवाखान्याच्या दारातनं माघारी आलात, तर देलिया." पाळक साहेबांचीही सुटका नाही. भर उपासनेत आप्पांनी विचारलं होतं, "साहेब, तुम्ही बाईंपुढं गप बसता, त्यो फोबोस का देलिया?" उत्तर पाळकबाईंनीच दिलं. "फोबोसच आहे, आप्पा. पळून कुठं जाताहेत?"

यंदा उसात बिबट्या आला आणि आप्पांच्या ग्रीकला बहर आला. तो मानेलाच धरतो, म्हणून वस्तीवरच्या बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधून खुरपायला जाऊ लागल्या. आप्पांनीही एक पट्टा पैदा केला. तो घालून ते लग्नातल्या फोटोत उभे राहतात, बाजारातही जातात. भाजीवाली म्हणाली, "आप्पा, कोथिंबिरीत वाघ न्हाई बसत."

एवढी काळजी घेणारा माणूस दिवस मावळताना जातो कुठं, तर ख्रिस्ती कबरस्तानात. तिन्ही बाजूंनी ऊस आणि मातीत बिबट्याचे ठसे. वनखात्याची माणसं सांगून थकली, मुलगा फोनवरून ओरडून थकला. शेवटी गेल्या आठवड्यात त्यांना घरी आणायला मी गेलो.

वारा पडला होता, तरी एका बाजूचा ऊस सळसळत होता. वस्तीवरची कुत्री एकाएकी गप्प झाली. आप्पा त्यांच्या बायकोच्या, रूथबाईंच्या, कबरीशी मेणबत्ती लावून बसले होते. ज्योत जराही हलत नव्हती.

"चला आप्पा," मी कुजबुजलो.

त्यांनी आपल्या गळ्यातला पट्टा सोडला आणि माझ्या गळ्यात बांधायला घेतला. बक्कल बसता बसेना.

"कोरोनात तिला ॲम्ब्युलन्समधी घातली, तवा तिनं हात पुढं केला," ते म्हणाले. "म्हणली, संगं चला, मला भ्याव वाटतंय. आन् मी मागं सरकलो. एकलीच गेली ती. भ्याव समद्यांनाच वाटतं हो. भ्यावापायी आपलं माणूस टाकायचं, त्याला देलिया म्हणत्यात. पुस्तकात कवाच वाचलं हुतं. कळलं त्या दिशी."

सळसळ अगदी जवळ येऊन थांबली. आप्पांनी कबरीचा दगड घट्ट धरला, पण ते जागचे हलले नाहीत. या माणसाला आम्ही इतकी वर्षं नुसते हसत होतो.

"आता तरी चला," मी म्हणालो.

"तुम्ही व्हा म्होरं," आप्पा मेणबत्तीकडं बघत म्हणाले. "तिला अंधाराची सवय न्हाई. डोळा लागला तिचा, की येतोच."

मी गळ्यातला पट्टा चाचपला आणि त्यांच्या शेजारी खाली बसलो.